शंभर फुटांच्या आत

1888 च्या मुंबई महापालिका कायद्यातले 231 वे कलम वाचताना मला कणकवलीतल्या आमच्या घरामागची चिऱ्यांची टाकी आठवली. कलम सांगते: पालिकेचे गटार 100 फुटांच्या आत असेल, तर घराचा निचरा त्याला जोडायला मालकाला भाग पाडता येते. त्याने टाळले, तर पालिका काम करून खर्च वसूल करते. अंतर मोजले; ऐपत नाही. हप्त्यांची मुभा आहे, पण तीही आयुक्त आणि स्थायी समितीच्या मर्जीवर. 1875 च्या इंग्लंडच्या आरोग्य कायद्यातही हीच 100 फुटांची अट होती. तिथे निदान 30 वर्षांपर्यंत फेड करता येई.

इथे गोपुरी आश्रम उभारणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात संडास-सफाईचे काम मिळावे म्हणून त्यांनी अन्नसत्याग्रह केला. येरवड्यात गांधीजीही उपोषणाला बसले. पुढे अप्पांनी खेड्यातल्या माणसाला झेपेल असा ‘सोपा संडास’ पुरस्कारला. मैल्याचे तिथेच सोनखत व्हायचे. गटार नाही, जोडणी नाही, मग नोटीस तरी कुणाची?

आमच्याकडे मात्र सोनखत नाही, टाकीच. ती उपसणाऱ्या टँकरचे पैसे आई तांदळाच्या डब्यात वेगळे ठेवते.