पटाचा मालक कोण?

आजचा भाग काशीहून. मी बसलोय तो संकठा घाट. गंगेकडे तोंड केलं की उजव्या हाताला शिंदे घाट येतो, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी बांधवलेला. डावीकडे थोडं पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. मराठी माणसाला इथे परकं वाटत नाही.

पण आज मला घाटांबद्दल बोलायचं नाही, एका भांडणाबद्दल बोलायचंय. खेळाचे नियम करणारे आणि तो खेळ खेळणारे यांचं भांडण. पटाचा खरा मालक कोण, हा त्यातला प्रश्न.

काशीत या गोष्टीचा एक जुना धागा सापडतो. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट इथे येऊन स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव नारायणभट्ट, विश्वनाथ मंदिराच्या पुनर्बांधणीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट याच घराण्यातले. आणि नारायणभट्टांचे एक नातू म्हणजे नीलकंठभट्ट. सतराव्या शतकात भगवंतदेव नावाच्या सेंगर राजाच्या आश्रयाने त्यांनी ‘भगवंतभास्कर’ हा बारा भागांचा ग्रंथ लिहिला. भागांना नाव ‘मयूख’, म्हणजे किरण.

यातला ‘व्यवहारमयूख’ वारसाहक्क, दत्तक वगैरे गोष्टींचा. इंग्रजी अमदानीत मुंबई आणि गुजरातकडच्या खटल्यांत न्यायालयं तो प्रमाण मानत. भारतरत्न पां. वा. काणे यांनी त्याची आवृत्ती संपादित केली. दुसरा ‘नीतिमयूख’ राजनीतीचा, आणि त्यात नीलकंठभट्टांनी चक्क बुद्धिबळ सांगितलंय. सोंगट्या कशा मांडायच्या, कशा चालवायच्या, घोडा चौसष्ट घरं कशी फिरवायची, सगळं.

आता गंमत बघा. लिहिणारा एकच. त्याच्या एका भागावरून लोकांच्या जमिनी इकडच्या तिकडे झाल्या. त्याचा बुद्धिबळाचा भाग मात्र खेळणाऱ्यांनी उघडून तरी पाहिला का? लोक आपापल्या गावच्या रीतीने खेळत राहिले. कायद्यामागे न्यायालय उभं असतं. खेळाच्या नियमामागे कुणीच उभं नसतं. समोर बसलेल्या माणसाने मानला तरच तो नियम.

आपल्याकडे घरोघरी जो हिंदुस्थानी डाव चालायचा तो ज्येष्ठांना आठवत असेल. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. शेवटच्या घरात पोचलं की त्या घराचा जो मोहरा, तोच व्हायचं. घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा. राजाला शह बसलेला नसेल तर तो एकदा घोड्यासारखी उडी मारू शके. एका बाजूचा नुसता राजा उरला की बुर्जी, तिथे पुरी मात धरत नसत. आणि प्याद्याने मात केली तर विचारू नका, तिचा तोरा वेगळाच. त्यातही एका गावचा नियम दुसऱ्या गावाला मान्य नसे. सासुरवाडीला गेलेल्या जावयाला आधी नियम विचारून घ्यावे लागत.

मग आला पाश्चात्त्य डाव. प्यादं सुरुवातीला दोन घरं, राजाला उडीऐवजी किल्लेकोट. जुन्या खेळाडूंची अडचण समजून घ्या. मोहरे तेच, पट तोच, पण चाळीस वर्षं पाठ असलेली सुरुवात एका रात्रीत निकामी. हिंदुस्थानी डावात मोर्चेबांधणी सावकाश होते. इथे चौथ्या-पाचव्या चालीलाच तलवारी उपसल्या जातात.

हा बदल एका माणसाने कसा पचवला ते पाहा. पंजाबातला मीर सुलतान खान. लहानपणापासून देशी डाव खेळलेला, पाश्चात्त्य नियम मोठेपणी शिकला. सर उमर हयात खान यांनी त्याला विलायतेला नेलं आणि 1929 साली तो ब्रिटिश विजेता झाला. 1932 आणि 1933 ला पुन्हा. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. सुरुवातीच्या चालींत तो कच्चाच राहिला, पण डावाच्या शेवटी भल्याभल्यांना भारी पडे.

1951 मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. 1955 मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, त्यात आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते. पण सही-शिक्क्याने नियम बदलले तरी हात बदलत नाहीत. ते काम सांगलीसारख्या गावांत झालं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, पोरांना शेजारी बसवून शिकवलं, स्पर्धा भरवल्या. नियम तेव्हा रुजले.

हा धडा मी स्वतः ठेच खाऊन शिकलोय. तरुण अधिकारी असताना आमच्या चौकीत एकच पट होता. जवान वेगवेगळ्या राज्यांचे, प्रत्येकाचं प्यादं वेगळं चालायचं. एकदा आवाज चढले. मी बाहेर आलो आणि हुकूम दिला, ‘आजपासून आंतरराष्ट्रीय नियम. चर्चा बंद.’ चर्चा बंद झाली. पटही बंद झाला. पंधरा दिवस तो कोपऱ्यात धूळ खात पडला होता. शेवटी एक जुने हवालदार हळूच म्हणाले, ‘साब, खेल हुकम से नहीं चलता.’ मग मी स्वतः पटावर बसलो. एक डाव त्यांच्या नियमांनी, एक माझ्या. त्यांच्या नियमांत रोज हरलो. महिन्याभरात ते माझे नियम मागायला लागले.

अमेरिकेतही असंच झालं. पिनबॉल तुम्हाला माहीत असेल. आपल्या लहानपणीचं खिळ्यांचं बॅगाटेल, त्याचाच हा यंत्रातला भाऊ. काचेखाली उतरता फळा, त्यावरून धावणारी पोलादी गोळी. 1930 च्या दशकात खेळणारे टेबल हलवून, खालून ठोसे मारून गोळी हवी तिकडे वळवत. हॅरी विल्यम्स या यंत्रकाराने वैतागून टेबलाच्या बुडाला खिळे ठोकले, अशी हकीकत सांगतात. मग त्यालाच ते क्रूर वाटलं आणि त्याने ‘टिल्ट’ची युक्ती काढली. फार हलवलंत तर डाव संपतो, हलका धक्का चालतो. आज तो हलका धक्का देता येणं हेच कसब मानतात. म्हणजे खेळाडूंची खोडी खेळाचा भाग झाली. न्यूयॉर्क शहराने मात्र 1942 मध्ये पिनबॉल जुगार म्हणून बंद केला. 1976 मध्ये रॉजर शार्प नावाच्या खेळाडूने नगर परिषदेच्या सदस्यांसमोर गोळी कुठून जाणार ते आधी सांगितलं आणि तिथूनच घालवली. हा नशिबाचा नव्हे, हाताचा खेळ आहे हे त्यांना पटलं. बंदी उठली.

त्याच 1976 साली आपल्याकडे एक तेरा वर्षांची मुंबईकर मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. रोहिणी खाडिलकर. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांची कन्या. वासंती आणि जयश्री या तिच्या बहिणीही राष्ट्रीय विजेत्या. तिने तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवलं. आणि मुलीने पुरुषांत खेळावं का, यावर वाद पेटला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिच्या बाजूने सुटलं. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव, स्वतः माजी जगज्जेते, यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. 1981 साली रोहिणी आशियाई विजेती झाली.

इथे मला माझंच मघाचं वाक्य दुरुस्त करावं लागतं. समोरच्याने मानला तरच नियम, असं मी म्हणालो. पण समोरचा जर तुम्हाला पटावर बसूच देत नसेल तर? तेव्हा लिहिलेला नियम लागतो, आणि त्यामागे उभं राहणारं कुणीतरी लागतं. फक्त रूढीवर सोडलं असतं तर त्या मुलीला दार उघडलं नसतं.

म्हणून, मंडळी, तुमच्या हातात मंडळ असो, सोसायटी असो की शाळेचं मैदान, दोन गोष्टी सांगतो. कसं खेळायचं हे ठरवताना आधी खेळणाऱ्यांबरोबर पटावर बसा. आणि कुणी खेळायचं हा प्रश्न आला की नियम कागदावर लिहा, दार उघडं ठेवा आणि हटू नका.

घरात कुणा आजोबांना हिंदुस्थानी डाव येत असेल तर या रविवारी त्यांच्यासमोर बसा. त्यांच्या नियमांनी. हराल, पण बसा.

जय हिंद.