कुरुम
ओमानची राजधानी मस्कतमधील बौशर विलायतीचा, म्हणजे प्रशासकीय विभागाचा, समुद्रकाठचा भाग. आधुनिक आखाती शहर कसे घडते, हे वास्तुरचनेच्या अंगाने अभ्यासण्यासाठी ठळक उदाहरण. लगतच्या रास अल हमरा येथे प्रागैतिहासिक कोळी वस्त्यांचे अवशेष सापडले असले, तरी आजचे कुरुम १९७० नंतरचे, म्हणजे सुलतान काबूस यांच्या राजवटीतले. तेलाच्या उत्पन्नावर रुंद रस्ते, बुटके पांढरे बंगले, दुकानसंकुले आणि उद्यान उभे राहिले. नियोजनाचे माप मोटार हेच होते. पायी चालणाऱ्याचा विचार मागाहून झाला. उन्हाळ्यात दिवसा रस्ते ओस पडतात, त्यामुळे सार्वजनिक जीवन वातानुकूलित दुकानांत आणि मावळतीनंतर चौपाटीवर सरकते. शाती अल कुरुममधील रॉयल ऑपेरा हाउस (२०११) भव्य आहे. पण खरी लोकजागा म्हणायची तर किनाऱ्यावरची वाळूच, जिथे संध्याकाळी फुटबॉल रंगतो. वाडीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या, मुखाशी तिवरांचे संरक्षित वन आहे. जून २००७ मधील गोनू चक्रीवादळात डोंगरांतून वाडीने आणलेला लोंढा या सखल भागात शिरला. पाण्याच्या वाटेवर केलेल्या बांधकामाचे परिणाम त्या वेळी उघड झाले.