एकशे पाच आणि अठ्ठावन्न

पिकलं पान गळालं असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात दुःख असतं, पण तक्रार नसते. तक्रार असते ती 'अकाली गेला' या शब्दांत. आता अकाली म्हणजे नेमकं कधी? माझ्या आजीच्या पिढीत पन्नाशी ओलांडून माणूस गेला की 'आयुष्य भोगून गेला' म्हणत. आज पन्नाशीतला माणूस गेला तर सगळा मोहल्ला हळहळतो. म्हणजे अकाल हा काही पंचांगात लिहिलेला नसतो. तो मोजायचा एक साधा मार्ग आहे. दोन प्रदेश शेजारी ठेवायचे. एका ठिकाणी जे मरण टळतं आणि दुसऱ्या ठिकाणी टळत नाही, ते अकाली.

मी महाराष्ट्र आणि केरळ ही जोडी घेतो. दोन्ही राज्यं भाषेच्या पायावर उभी राहिली. केरळ १९५६ साली, आपण १९६०ला. आपल्याकडे मुंबई, गिरण्या, कारखाने, साखर. त्यांच्याकडे नारळ, मिरी आणि बेकारी. १९७१ साली केरळचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी होतं आणि आपलं देशात वरच्या रांगेत. त्या वर्षी जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी पहिला वाढदिवस न पाहता गेली, ती महाराष्ट्रात १०५ आणि केरळात ५८. त्याच सुमाराला, म्हणजे १९७० ते ७५च्या दरम्यान, केरळातल्या माणसाचं सरासरी आयुर्मान ६२ वर्षं होतं आणि आपलं ५४च्या जवळपास. श्रीमंत शेजाऱ्याच्या वाट्याला आठ वर्षं कमी!

तुम्ही म्हणाल, तिथलं हवापाणी वेगळं असेल. हवापाणी आपल्या कोकणातही तसंच आहे. फरक शोधायचा तर दीडदोनशे वर्षं मागं जावं लागतं. १८१७ साली इकडे खडकीची लढाई होऊन पेशवाई कोसळत होती. तिकडे त्रावणकोरची राणी गौरी पार्वतीबाई प्रजेच्या शिक्षणाचा खर्च राज्यानं उचलावा असा हुकूम काढत होती. १८७९ साली त्याच संस्थानानं सरकारी नोकर, विद्यार्थी आणि कैद्यांना देवीची लस सक्तीची केली. आपल्याकडे मुलींची शाळा भिडेवाड्यात १८४८ साली निघाली, पण ती काढणाऱ्या फुले दांपत्याच्या पाठीशी राज्य नव्हतं; सावित्रीबाईंच्या अंगावर शेणगोळे मात्र होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते १९१७मध्ये. त्रावणकोरनंतर बरोबर शंभर वर्षांनी, आणि तेही एका संस्थानापुरतं. विचारांत आपण मागं नव्हतो, हे मला आवर्जून सांगायचं आहे. विचार आपल्याकडे माणसांनी केला आणि तिथं तो सरकारी दप्तरात शिरला.

१९७१च्या जनगणनेत केरळातल्या ५४ टक्के स्त्रियांना लिहितावाचता येत होतं, महाराष्ट्रातल्या २६ टक्के स्त्रियांना. अक्षर ओळखणारी आई औषधाच्या बाटलीवरचं वाचते, एवढाच याचा अर्थ नाही. ती डॉक्टरला प्रश्न विचारते. जोन मेन्चर या अभ्यासक बाईंनी १९८० साली एक निरीक्षण नोंदवलं होतं: केरळात प्राथमिक आरोग्य केंद्रात चार दिवस डॉक्टर नसला तर लोक थेट कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेतात. आपल्याकडे केंद्राला कुलूप दिसलं की लोक मुकाट्यानं घरी परततात किंवा सावकाराकडे जाऊन खासगी दवाखान्याचे पैसे उभे करतात.

'ती माणसंच निराळी' हे उत्तर मला पटत नाही, कारण केरळही एकसारखं नव्हतं. उत्तरेचा मलबार इंग्रजांच्या मद्रास इलाख्यात होता. शाळा, दवाखाने, सगळ्यांतच त्रावणकोरच्या मागं. मुस्लिम वस्ती तिथं दाट. 'यांचं असंच असायचं' म्हणणारे तेव्हाही असतील. राज्य एक झाल्यावर शाळा आणि दवाखाने उत्तरेकडे सरकले आणि पुढच्या काही दशकांत मलबारनं बरंचसं अंतर कापलं. आपल्याकडेही निजामाचा मराठवाडा आणि मध्य प्रांतातला विदर्भ येऊन मिळाला होता. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली इथली बालमृत्यूची बातमी मात्र अजून दर पावसाळ्यात येते.

उपाय ठाऊक नव्हता म्हणावं, तर तोही इथंच सापडला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या बायकांना शिकवलं: बाळ ऊबदार कसं ठेवायचं, त्याचे श्वास कसे मोजायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. १९९३ ते ९५मध्ये तिथं जन्मानंतर २८ दिवसांच्या आत हजारी ६२ बाळं दगावत. १९९७-९८ साली हा आकडा २५च्या आसपास आला. शेजारच्या, हा प्रयोग नसलेल्या गावांशी ताडून पाहिलेला हा हिशेब १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढं २०११ साली नवजात बाळांच्या घरगुती काळजीचं हेच काम देशभरच्या आशाताईंकडे आलं.

आता अलीकडचा हिशेब. २०२०मध्ये महाराष्ट्राचा बालमृत्युदर हजारी १६ होता, केरळचा ६. आयुर्मानातलं आठ वर्षांचं अंतर २०१४ ते १८च्या आकडेवारीत तीन वर्षांच्या आत आलं. हे मोठं काम आहे आणि त्याला दाद द्यायलाच हवी. पण एक गंमत पाहा. १०५ आणि ५८ यांत ४७चा फरक होता, २०२०मध्ये दहाचाच. त्यामुळे अंतर मिटत आलं असं भाषणात सांगता येतं. तेच आकडे भागून पाहिले तर १९७१मध्ये आपला दर केरळच्या दुपटीहून कमी होता, २०२०मध्ये अडीच पटीहून जास्त. दोन्ही गणितं बरोबर आहेत. कुठलं सांगायचं, ते सांगणारा कुठं उभा आहे त्यावर ठरतं.

शिवाय ही राज्याची सरासरी. मी राहतो त्या बिबवेवाडीत गंगाधामचे टॉवर आणि अप्पर इंदिरानगरच्या खोल्या एकाच रिक्षाच्या टप्प्यात येतात. सरासरी त्यांना एकाच ओळीत बसवते.

हजारी दहा हे ऐकायला किरकोळ वाटतं. आपल्या राज्यात वर्षाला साधारण अठरा लाख मुलं जन्मतात. केरळातल्यासारखी जगवली असती तर जगली असती अशी त्यांतली अठरा हजार. चाळीस मुलांचा एक वर्ग धरला तर पहिलीचे साडेचारशे वर्ग.