बारा टक्के बिलो

आमचे अण्णा कराडात बांधकाम खात्याची लहानसहान कामं घेत. मोऱ्या, शाळाखोल्या, कुठे रस्त्याची साइडपट्टी. टेंडर भरायच्या आदल्या रात्री घरात रेडिओसुद्धा लागत नसे. बी-१ नमुन्यात आपलं म्हणणं मांडायला जागाच नसते. अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त, एवढंच लिहायचं, एकदा अंकी, एकदा अक्षरी. तो आकडा अण्णा आईलाही सांगत नसत. पाकिटावर लाख ओतून झाली की मेणबत्ती विझवायची आणि झोपायचं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांसमोर पाकिटं फुटत. काम मिळालं तरी पुष्कळदा चेहरा उतरलेलाच असे. "बारा टक्के बिलो गेलोय. आता यात खायचं काय?"

मी २००४ साली ऑनलाइन कामांवर बोली लावायला लागलो, तेव्हा हाच धंदा पुढे चालवतोय असं मला वाटत होतं. फक्त लाख आणि मेणबत्ती गेली होती.

फ्रीलान्सर हा शब्द स्कॉटच्या १८१९च्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीमुळे रुळला असं म्हणतात. मूळ अर्थ, जो पैसे देईल त्याच्या बाजूने लढणारा भालाईत. आपल्याकडे त्याला चोख शब्द आहे, शिलेदार. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. माझा घोडा मात्र भाड्याचा होता. स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये, आणि भारनियमनाच्या वेळा पाठ.

बाजार तेव्हा नुकता उभा राहिला होता. १९९८ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत थॉमस मॅलोन आणि रॉबर्ट लाउबाकर यांनी लिहिलं होतं की पुढे कंपन्यांऐवजी इंटरनेटवर जोडलेली सुटी माणसं काम करतील. त्यांनी वापरलेला 'ई-लान्स' हा शब्द उचलून बिरूद शेठ आणि श्रीनी अनुमोलू यांनी अमेरिकेत ईलान्स काढली. शेठ आयआयटी मुंबईचे. २००१ साली फ्लोरिडात इयान इपोलिटोंनी रेंट-अ-कोडर सुरू केलं. २००३ मध्ये दोन ग्रीक मित्रांनी, एक अमेरिकेत, दुसरा अथेन्समध्ये, ओडेस्क काढली. दूर बसलेला माणूस खरंच काम करतो का, या शंकेवर त्यांचा उतारा म्हणजे दर दहा मिनिटांच्या टप्प्यात कामगाराच्या पडद्याचा एक फोटो. स्वीडनमध्ये गेटअफ्रीलान्सर होतं, ते २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅट बॅरींनी विकत घेऊन फ्रीलान्सर डॉट कॉम केलं.

बोलीच्या दृष्टीने यात दोन घराणी होती. रेंट-अ-कोडरवर आपला आकडा फक्त गिऱ्हाइकाला दिसे, म्हणजे बंद पाकीट. गेटअफ्रीलान्सरवर सगळ्यांचे आकडे उघडे. तिथे भाजी मंडईसारखा भाव पडायचा. कोणी शंभर डॉलर म्हटलं की खाली नव्वद, सत्तर, तीस. तीस डॉलरात काम करणारा कसा करतो, हे मला आजही उलगडलेलं नाही. बहुधा करत नसावा.

पहिल्या चाळीसेक बोल्या मी अण्णांच्या पद्धतीने लावल्या, सगळ्या बिलो. वर कॅफेतल्या एका पोराकडून मिळालेला मजकूर चिकटवायचो. आदरणीय महोदय, आम्ही एक अग्रगण्य कंपनी असून आमच्याकडे तज्ज्ञांचा ताफा आहे, वगैरे. ताफा म्हणजे मी आणि शेजारी 'काउंटर स्ट्राइक' खेळणारा तो पोरगा. एकदा त्या मजकुरात आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव तसंच राहिलं. समोरच्याने दोनच शब्दांचं उत्तर पाठवलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिलं बरं काम लागलं ते २००५च्या पावसाळ्यात. अमेरिकेत घरगुती बागेसाठी बियाणं विकणाऱ्या एका बाईंची गिऱ्हाइकांची यादी होती. सहा हजार नावं, वेगवेगळ्या एक्सेल फायलींत, ती एकत्र करायची. नमुन्याला वीस ओळी जोडल्या होत्या. वीज जायला पंधरा मिनिटं होती, त्यामुळे ताफ्याचा मजकूर चिकटवून मोकळं व्हायचा मोह होता. तेवढ्यात दिसलं की न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्सच्या पत्त्यांचे पिनकोड चारच आकडी आहेत. तिकडचा पिनकोड पाच आकडी असतो, आणि त्या भागातला शून्याने सुरू होतो. एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढचा शून्य खाऊन टाकतं.

मी तेवढंच लिहिलं. 'तुमच्या नमुन्यातल्या तीन पत्त्यांचा शून्य एक्सेलने खाल्लाय. पूर्ण यादीत असे शेकडो असतील, कॅटलॉगची पाकिटं परत येत असतील. मी आधी ते दुरुस्त करीन, मग याद्या जोडीन. एकच नाव दोनदा आलं तर कोणता पत्ता ठेवायचा, हे मात्र तुम्हाला सांगावं लागेल.' खाली १२० डॉलर आणि सहा दिवस. ताफा नाही, महोदय नाही.

तासाभराने वीज आली तेव्हा काम माझं झालं होतं. बाईंनी पुढे सांगितलं की सर्वांत कमी बोली ३५ची होती. आणि हो, दोन वर्षं पाकिटं परत येत होती आणि त्या पोस्टाला दोष देत होत्या.

मराठीत लिलावातली बोली आणि माणसाच्या तोंडची बोली यांना शब्द एकच आहे. बी-१वर वाढलेल्या माझ्यासारख्याला ते समजायला चाळीस बोल्या फुकट घालवाव्या लागल्या.

गिऱ्हाइकंही हुशार होत गेली. कामाच्या वर्णनात मधेच कुठेतरी 'उत्तराच्या सुरुवातीला पाइनॅपल लिहा' असं टाकायची. ज्यांनी वाचलंच नाही ते आपोआप गळायचे. मला ही युक्ती आवडायची. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्या टेंडरात असं असतं तर साहेबसुद्धा नापास झाले असते."

बोलीचा आकार ठरवण्यात रिझर्व्ह बँकेचाही हात होता, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. २०११च्या मार्चपासून पेपालमधून भारतात येणाऱ्या एका व्यवहाराला ५०० डॉलरची मर्यादा आली. त्याच वर्षी पुढे ती ३,००० झाली, पण मधल्या काही महिन्यांत माझ्या बोल्या बदलल्या. नऊशेचं काम असेल तर पहिला टप्पा साडेचारशेचा, त्यात काय मिळेल ते वेगळं लिहायचं, दुसरा तसाच. गंमत म्हणजे गिऱ्हाइकांना ते आवडलं. पैसे अडकणार नाहीत असं त्यांना वाटे. मर्यादा वाढली तरी मी टप्पे ठेवले.

ईलान्स आणि ओडेस्क एक झाल्या आणि २०१५ मध्ये त्यांचं नाव अपवर्क झालं. तिथे आलेल्या अर्जांच्या यादीत गिऱ्हाइकाला प्रत्येकाच्या पहिल्या दोनेक ओळीच दिसतात. बाकीचं वाचायचं तर क्लिक करावं लागतं. नमस्कार, माझं नाव अमुक, मला इतक्या वर्षांचा अनुभव, यातच ज्याच्या दोन ओळी गेल्या त्याचं पाकीट फुटतच नाही. म्हणून मी अजूनही शून्यापासून सुरू करतो, म्हणजे त्यांच्या फायलीत जे खटकलं त्यापासून. नावगाव शेवटी.

२०१९ पासून बोली लावायलाच पैसे पडू लागले. कनेक्ट नावाचं टोकन, एकाला १५ सेंट, आणि एका बोलीला अशी अनेक. बयाणाच की हा, फक्त काम नाही मिळालं तरी परत न येणारा! त्यानंतर आपली बोली वरच्या रांगेत दिसावी म्हणून जास्तीच्या कनेक्टची बोली लावायची सोय निघाली. म्हणजे बोलीसाठी बोली. हे मला पटत नाही, पण अडलेल्या दिवशी मीही लावली आहे.

गेली दोन-तीन वर्षं चॅटजीपीटीने लिहिलेले अर्ज येतात. माझी भाची असेच अर्ज पाठवायची. परवा तिच्याबरोबर बसलो. इंग्रजी माझ्यापेक्षा शंभर पटीने बरं, पण गिऱ्हाइकाने जोडलेली फाईल तिने उघडलेलीच नव्हती. उघडली. तारखांच्या रकान्यात अर्ध्या ठिकाणी दिवस आधी होता, अर्ध्या ठिकाणी महिना. ती म्हणाली, "मामा, यातल्या कोणत्या बरोबर, ते कसं कळणार?" मी म्हटलं, हेच विचार त्याला, पहिल्याच ओळीत.

अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. तिने बटण दाबल्यावर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "किती बिलो भरलं?"

"नाही भरलं, आजोबा. जादाच भरलंय."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "मग पाकीट कधी फुटणार?"