कडेवरचं पोर आणि शाळा

सन 1957. डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीखाली वारल्यांचा एक पाडा. तुम्ही आठ वर्षांच्या आहात. कडेवर वर्षाचा भाऊ, त्याच्या वजनानं एका अंगाला कललेल्या. आईबाप पहाटेच गवत कापायला गेलेत. नागलीची पेज पिऊन झाली, की पोर सांभाळणं हाच तुमचा दिवस. शाळेचा विषयच नाही. मोठा भाऊसुद्धा गुरांमागे रानात असतो.

इथून पुढे बालवाडीच्या ताई झालेल्या आणि आज नातवंडं खेळवणाऱ्या बायका या भागात आहेत. त्यांच्यातल्या एकीचं आयुष्य तुम्हाला जगायचं आहे.

टेकडीवर दोघीजणी राहायला आल्यात. ताराबाई मोडक पासष्टीच्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. अनुताई वाघ सत्तेचाळीसच्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिकून शिक्षिका, पुण्यात हुजूरपागेत नोकरी. 1945 पासून दोघी बोर्डीला होत्या. तिथं हरिजनवाड्यातली मुलं गावातल्या बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून वाड्यातल्या अंगणात मांडली. आपल्याकडची अंगणवाडी ती अशी सुरू झाली.

एके दिवशी टेकडीवरच्या एक ताई तुमच्या दारात येतात. ‘‘शाळेत का गं येत नाहीस?’’ तुम्ही काही न बोलता कडेवरचं पोर पुढं करता. ‘‘मग त्यालाही आण की!’’

वर गेल्यावर कळतं, ताई उगाच बोलल्या नव्हत्या. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. या सगळ्याचं मिळून नाव विकासवाडी. भाऊ पाळणाघरात जातो आणि तुमची कंबर पहिल्यांदा मोकळी होते. मोठ्या भावासाठी तर शाळाच रानात जाते. गुरं चरतायत तिथंच फळा, तिथंच धडा. तिला कुरणशाळा म्हणतात. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनं आपली जागा, वेळ, रीत बदलायची. इतकी सरळ गोष्ट करून दाखवायला या दोघी लागल्या, आणि आपण त्यांना अजून पुरेसं ओळखत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सकाळी आधी आंघोळ. नखं कापायची, केस विंचरायचे, मग खेळ. माँटेसोरीची महागडी साधनं इथं कुठली परवडायला? टोपलीत चिंचोके, शंख, शिंपले, करवंट्या, सागाची पानं. तुम्ही शिंपले मांडता, लहानापासून मोठ्यापर्यंत. मधला एक चुकतो. ताई बघतात, पण हात लावत नाहीत. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून बघता, दोन शिंपले एकमेकांवर धरता, आणि चुकलेला तुमचा तुम्हालाच सापडतो. त्या गप्प का राहिल्या, हे कळायला तुम्हाला स्वतः ताई व्हावं लागणार आहे.

आणि तुम्ही ताई होता. टेकडीवरच प्रशिक्षण घेता, पाड्यावर बालवाडी चालवता, पोरांशी वारलीत बोलता. 1973 मध्ये ताराबाई जातात. 1975 च्या 2 ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 33 ठिकाणी सुरू होते. पुढे ती तुमच्याही भागात येते आणि तुम्ही अंगणवाडी सेविका होता. योजना सुरू झाली तेव्हा सेविकेचं मानधन महिन्याला 100 रुपये, मॅट्रिक झालेलीला 150. तेवढ्यात गाणी, गोष्टी, खिचडी, लसीकरणाची यादी, गरोदर बायकांच्या घरी फेऱ्या आणि संध्याकाळी रजिस्टरं.

वजनाचा दिवस तुम्हाला कधी आवडला नाही. आढ्याला काटा टांगलेला, खाली कापडाची झोळी. झोळीत बसवलं की पोर रडतं, पाय झाडतं, काटा हलत राहतो. तुम्ही पोराला बोलत ठेवता. सुई थांबते. कार्डावर टिंब द्यायचं, मागच्या महिन्याच्या टिंबाला रेघेनं जोडायचं. आवणीच्या दिवसांत घरात धान्य नसतं आणि रेघ खाली वळते. आईला अक्षर येत नाही, पण ती रेघ तिला वाचता येते. तुम्ही तिच्या डोळ्यांकडे बघत नाही, पोराच्या वाट्याची सुकडी तिच्या हातात देता आणि चार दिवसांनी तिच्या घरी जाता. हे कुठल्याच रजिस्टरात नाही.

1992 मध्ये अनुताई जातात. 2014 मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा होतो, त्याच वर्षी पासष्टीला तुम्ही घरी बसता. सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालय म्हणतं 2022 च्या एप्रिलमध्ये. तुम्ही निवृत्त होऊन तेव्हा आठ वर्षं झालेली. हा उशीर मला कधीच क्षम्य वाटणार नाही.

आता नात अंगणवाडीत जाते. तिला सोडायला तुम्ही जाता. खोली पक्की आहे, भिंती रंगवलेल्या, नवे तक्ते लावलेले. पण सगळे मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. पोरं मान वर करकरून बघतायत. नवी सेविका हुशार आहे, विशीतली.

‘‘तक्ते खाली घे गं,’’ तुम्ही म्हणता, ‘‘बसलेल्या पोराच्या डोळ्यांसमोर आले पाहिजेत.’’

‘‘आजी, फाडतील ती.’’

‘‘फाडू देत. पुन्हा चिकटवू. खळ मी घरून करून आणते.’’