मनगटातल्या प्लेटची कुळकथा

मनगट मोडलं म्हटलं की ‘प्लेट टाकली का?’ हा प्रश्न आता कर्जत तालुक्यातल्या राशीन-मिरजगावच्या बाजारातही सहज विचारला जातो. प्लेट म्हणजे वाकडं हाड सरळ करणारी धातूची पट्टी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिच्या कुळाचा मागोवा घेतला तर वेगळंच दिसतं. मनगटाचं हाड सरळ करायला बहुतेक वेळा धातूची गरज नसते. भूल देऊन, ओढून, दाबून ते जागेवर बसतं. खरी अडचण पुढे असते. काही हाडं बसवली तरी जागेवर राहत नाहीत, आणि ती राहावीत म्हणून हात आठवडेच्या आठवडे बांधून ठेवला तर बोटं आखडतात. या कोंडीतून प्लेट जन्माला आली. म्हणून तिची पारख एक्स-रे किती सुरेख आला यावर करू नये. हात किती लवकर कामाला लागला यावर करावी.

ही कोंडी फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहे. आधारासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, वड यांच्या साली आणि बांबू वापरावा, असं त्यात सांगितलं आहे. बांधणी सैल पडली तर सांधा स्थिर राहत नाही. घट्ट झाली तर सूज, ठणका आणि पू होतो, हेही तिथे स्पष्ट आहे. म्हणून थंडीत सात दिवसांनी, मधल्या ऋतूंत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बांधणी सोडून पुन्हा बांधायची. गावोगावच्या हाडवैद्यांच्या कामट्या याच जातकुळीच्या. पण कामट्या राहिल्या आणि सोडून बघण्याची शिस्त गेली, तर हाताचा रक्तपुरवठा तुटू शकतो. घट्ट बांधलेल्या हाताचे स्नायू मरून पंजा कायमचा आकसतो, हे जर्मन शल्यविशारद रिशार्ड फोल्कमान यांनी 1881 मध्ये नोंदवून ठेवलं.

डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये मनगटाच्या या मोडीचं वर्णन केलं, तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला 81 वर्षं बाकी होती. केवळ बोटांनी चाचपून त्यांनी ओळखलं की हा सांधा निखळलेला नाही, त्याच्या जरा वरचं हाड मोडून मागे सरकलं आहे. पुढे 1852 च्या सुमारास डच लष्करी डॉक्टर मॅथिसन यांची प्लास्टरची पट्टी आली आणि बांधणी पक्की झाली. तरीही मनगट दगा देतच राहिलं, कारण तिथलं हाड आतून जाळीदार असतं. माणूस तळहातावर पडला की मागची बाजू चुरडते आणि हाड बसवल्यावर तिथे पोकळी उरते. आठवड्याभरात सूज ओसरते, प्लास्टर सैल पडतं, स्नायू हाडाला ओढत राहतात आणि ते पुन्हा मागे कलतं. अशा मोडीला डॉक्टर ‘अस्थिर’ म्हणतात. मागची बाजू चुरडलेली असणं, हाड वीस अंशांहून जास्त कललेलं असणं, मोड सांध्यात शिरलेली असणं, शेजारचं हाडही मोडलेलं असणं आणि वय साठीपुढचं असणं ही तिची लक्षणं.

धातूची पहिली नोंदवलेली पट्टी हॅम्बर्गच्या कार्ल हान्समान यांची, 1886 ची. त्यानंतर लंडनचे लेन आणि बेल्जियमचे लँबोट यांनी ती पुढे नेली. गंज आणि जंतुसंसर्ग हे सुरुवातीचे शत्रू होते. 1958 मध्ये स्वित्झर्लंडच्या बील गावात 13 शल्यविशारदांनी ‘एओ’ ही संस्था काढली. हाड घट्ट धरा आणि सांधा लगेच हलवा, हा तिचा आग्रह होता. मात्र साधी प्लेट स्क्रूच्या दाबावर हाडाला चिकटून राहते, आणि जाळीदार हाडात स्क्रूला पकडच मिळत नाही. प्लेट मागून लावावी तर त्या बाजूच्या कंडरा हाडाला लागूनच धावतात. त्या धातूवर घासतात, कधी तुटतात. 2000 च्या सुमारास मायामीच्या होर्हे ओर्बे यांनी ही गाठ उलट बाजूने सोडवली. हाड मागे सरकलेलं असलं तरी प्लेट तळहाताच्या बाजूने, स्नायूच्या आवरणाखाली लावली. या प्लेटमध्ये स्क्रूचं डोकं प्लेटच्याच आट्यांत घट्ट बसतं. त्यामुळे स्क्रू ढिला पडून कलत नाही; सांध्याखाली ओळीने रोवलेले खिळे सांध्याला खालून तोलून धरतात. माझ्या मते या कुळकथेतला खरा शोध हा डोक्यावर आटे पाडलेला स्क्रू आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. ब्रिटनमध्ये 461 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षाअखेर प्लेट आणि हाडात रोवलेल्या साध्या तारा यांत हाताच्या कामाचा फरक दिसला नाही. ऑस्ट्रियात पासष्टीपुढच्या रुग्णांत प्लेट आणि प्लास्टर वर्षभराने जवळपास सारखेच ठरले. पकडीची ताकद तेवढी प्लेटवाल्यांची जास्त होती. मग चिरफाड कशाला? थकलेल्या शरीराच्या, बेताचं काम असलेल्या माणसाला प्लास्टर पुरतं, हे मान्य करायलाच हवं. पण ब्रिटनच्या चाचणीत मोड सांध्यात असून बाहेरून दाबून न बसणारे रुग्ण घेतलेच नव्हते. शिवाय 2022 च्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीत प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठातल्या एकाला पुढे शस्त्रक्रिया लागली. हाड सरकलंय हे वेळेवर पकडायचं, तर पहिल्या दोन आठवड्यांत पुन्हा एक्स-रे काढावे लागतात. प्लास्टर स्वस्त आहे, पण ते पाळत मागतं. प्लेटही निर्धोक नाही. ती फार पुढे बसली तर अंगठा वाकवणारी कंडरा झिजून तुटते.

कर्जतसारख्या कोरडवाहू तालुक्यात हा हिशेब आणखी वेगळा होतो. इथे खुरपणी, धार काढणं, भाकरी थापणं हे सगळं मनगटावर चालतं, आणि वर्षाअखेर बरोबरी झाली तरी मधले दोन-तीन महिने घराला जड जातात. प्लेटचा फायदा याच महिन्यांत आहे. तो घ्यायचा, तर प्लेट टाकल्यावर हात गळ्यात अडकवून सहा आठवडे जपून ठेवू नका. डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा: मोड अस्थिर आहे का, आणि मनगट कधीपासून हलवायचं. प्लास्टर असो वा प्लेट, बोटांची मूठ वळणं आणि उघडणं मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करा; आणि बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा ठणका वाढतच गेला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.