मोहाचं फूल आणि फ्रान्सचा द्राक्षमळा

महाराष्ट्रातले, मध्य प्रदेशातले, कर्नाटक-तेलंगणातले आणि आमच्या छत्तीसगढातले मराठी श्रोते हे भाग ऐकतात, म्हणून आज विषयही असा घेतला आहे की तो यातल्या एकाच राज्यापुरता राहत नाही. विषय आहे दारूचा. फौजेत होतो म्हटल्यावर लोक पहिला प्रश्न कँटीनच्या कोट्याचा विचारतात, तेव्हा आधीच सांगतो: कुणी काय प्यावं, प्यावं की नाही, हे सांगायला मी बसलेलो नाही. मला बोलायचं आहे ते दारू गाळण्याच्या हक्काच्या इतिहासाबद्दल. हा हक्क कुणाकडे होता, कुणी काढून घेतला, आणि काढून घेतल्यावर काय झालं.

सुरुवात एका बातमीपासून करू. २०२१ साली छत्तीसगढातून मोहाची वाळवलेली फुलं जहाजानं फ्रान्सला गेली. कोरबा, कटघोरा, पाली, पसान, सरगुजा या भागांतल्या जंगलांतून आदिवासी कुटुंबांनी ती वेचली होती. वाइन, औषधं आणि सरबतं यांच्यासाठी ती वापरली जाणार, असं केंद्र सरकारच्या पत्रकात म्हटलं होतं. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. पण मोहफुलाची फ्रान्सवारी ही पहिली नव्हे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धातही आपल्याकडची मोहफुलं बोटीनं फ्रान्सला जात होती आणि तिथे त्यांच्यापासून स्वस्त मद्य गाळलं जात होतं. द्राक्षांच्या देशाला आपल्या जंगलातल्या फुलाची गरज का पडली?

कारण एक किडा. फायलोक्सेरा नावाची, मावा जातीची ही बारीक कीड अमेरिकेतून आली. १८६०च्या दशकात ती दक्षिण फ्रान्सच्या मळ्यांत दिसली आणि वेलींची मुळं खात पुढे सरकत गेली. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८४५ कोटी लिटर वाइन झाली होती. १८८९ साली ती २३५ कोटी लिटरच्या आसपास आली. अखेरीस उपाय सापडला तो अमेरिकन वेलीच्या मुळावर फ्रेंच वेलीचं कलम बांधण्याचा. पण मधली वीस-पंचवीस वर्षं बाजारात मिळेल त्यापासून मद्य बनत होतं. बेदाणे भिजवून, साखर घालून, पाणी मिसळून ते ‘वाइन’ म्हणून विकलं जाई. आपलं मोहफूल याच टंचाईच्या काळात मुंबई बंदरातून तिकडे गेलं.

आता त्याच वर्षांत इकडे काय चाललं होतं ते पाहा. मोहाची दारू आपल्याकडे किती जुनी आहे, हे सांगण्यासाठी एकच गोष्ट पुरेशी आहे. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत मोहाची झाडं आणि त्याची फुलं येतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर मद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यावर एक सबंध अध्याय आहे. कौटिल्य हा काही ढिला राज्यकर्ता नव्हे. तो कर घेतो, दुकानांवर नजर ठेवतो, दंड सांगतो. पण घरच्या कार्यासाठी आणि औषधासाठी कुटुंबाला स्वतः मद्य बनवण्याची मुभाही देतो, आणि उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवसांची सूट देतो. म्हणजे महसूल राजाचा, पण घरची चूल घराची, अशी ती विभागणी होती.

इंग्रजांनी ही विभागणी मोडली. १८७८चा मुंबई अबकारी कायदा आला आणि दारू गाळणं हा परवान्याचा, मक्त्याचा धंदा झाला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत दारू गाळायची आणि तिथून ठरलेल्या दुकानांत पाठवायची, हे धोरण ठरलं. अशा ठिकाणी कर मोजायला सोपं जातं. उरणला पारशी मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्या होत्या, आणि तिथे मोहाचीच दारू निघे. म्हणजे दारू तीच, फूल तेच. गाळणारे हात तेवढे बदलले.

पण ठाण्याच्या आणि कुलाब्याच्या जंगलपट्टीत घरोघरी गाळणं काही थांबेना. दोन मडकी, थोडं सरपण आणि पाणी एवढ्यावर ज्याचं काम होतं, त्याला पकडायचं कसं? मग १८९२ साली खास मोहफुलांचाच कायदा झाला. या जिल्ह्यांत फुलं गोळा करण्यावर आणि घरात साठवण्यावरच बंधन आलं. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून जास्त वजन साखरेचं असतं. दुष्काळात, पावसाळ्याच्या तोंडावर, घरातलं धान्य संपल्यावर हीच फुलं भाजून, शिजवून लोक खात. दारूच्या नावाखाली बंधन पडलं ते एका अन्नावर.

तुलनेसाठी परत फ्रान्सकडे जाऊ. तिथल्या लहान द्राक्ष-शेतकऱ्यापुढे प्रश्न उलटा होता. मळे पुन्हा उभे राहिले, पण बाजार भेसळीनं भरलेला. १८८९च्या कायद्यानं ताज्या द्राक्षांपासून झालेलीच ती वाइन, अशी व्याख्या केली होती. अंमलबजावणी मात्र ढिली होती आणि भाव कोसळले होते. १९०७ साली दक्षिणेतल्या लांगदोक प्रांतात मार्सेलँ अल्बेर नावाच्या एका छोट्या मळेवाल्यानं चळवळ उभी केली. जूनमध्ये मोंपेलिए शहरात पाच लाखांहून अधिक लोक जमले असं सांगतात. क्लेमांसो पंतप्रधान होते. त्यांनी फौज पाठवली, नारबोन गावात गोळीबार झाला, माणसं मेली.

इथे एक प्रसंग आहे तो माझ्यासारख्या माणसाला विचारात पाडतो. जवळच १७वी इन्फंट्री रेजिमेंट होती. तिचे बरेच जवान त्याच भागातले, मळेवाल्यांचीच मुलं. नारबोनची बातमी कळताच सुमारे पाचशे जवान रात्री शस्त्रं घेऊन बेझिए शहराकडे चालत निघाले आणि त्यांनी लोकांवर गोळी चालवायला नकार दिला. पुढे तडजोड झाली आणि त्यांना ट्युनिशियातल्या गाफ्सा इथे पाठवण्यात आलं. आयुष्यभर गणवेश घातलेला माणूस शिस्तभंगाला टाळ्या वाजवणार नाही, मीही वाजवत नाही. पण सरकारला एक गोष्ट त्या रात्री समजली: शेतकरी आणि शिपाई एकाच घरातले आहेत. त्याच महिनाअखेर भेसळीविरुद्ध कडक कायदा झाला. त्या वाटेनं पुढे जात १९३५ साली मूळस्थानाचा कायदा आला. अमुक गावाचं नाव बाटलीवर लावायचं तर द्राक्ष त्याच गावचं आणि रीत तिथलीच हवी. लहान मळेवाल्याचं नाव ही त्याची मालमत्ता झाली.

या घटनेनंतर तीनच वर्षांनी, फेब्रुवारी १९१०मध्ये, आमच्या बस्तरमध्ये भूमकाल झाला. रायपूरहून दक्षिणेला गेलं की जगदलपूर, आणि त्याच परिसरातलं नेतानार हे गुंडाधूरचं गाव. आंब्याची डहाळी आणि मिरच्या गावोगाव फिरवून उठावाचा निरोप दिला गेला. कारणं अनेक होती: जंगल राखीव करणं, वेठबिगार, वाढलेला सारा, अधिकाऱ्यांची मनमानी. त्या यादीत दारूचा मक्ता आणि घरगुती गाळपावरची बंदी हेही होतं. हा मुद्दा इतिहासकार बहुधा एका ओळीत उरकतात, पण तो तेवढा किरकोळ नाही. गोंड, मुरिया, धुरवा यांच्या घरी जन्म, लग्न, मृत्यू, पेरणी, देवाची पूजा, यातलं काहीही मोहाच्या धारेशिवाय होत नाही. देवापुढे शिंपडायचे चार थेंबही ठेकेदाराच्या दुकानातून विकत आणायचे, ही कल्पना करून पाहा. बस्तरमध्ये उठाव चिरडला गेला. गुंडाधूर सापडला नाही, पण गाळण्याचा हक्कही परत मिळाला नाही. इथे शिपाई बाहेरचा होता आणि शेतकऱ्याचं मत विचारणारी संसद नव्हती. १९१५ साली मध्य प्रांताचा अबकारी कायदा झाला. आजही छत्तीसगढात अबकारीचा मूळ कायदा तोच आहे. आदिवासींना स्वतःच्या वापरापुरती मोहाची दारू गाळण्याची सवलत मिळाली, पण ती सवलत म्हणून. विकायला गेलात की गुन्हा.

आता जरा भट्टीजवळ जाऊ. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह टपटपतो. बायका-मुलं उजाडण्याआधी झाडाखाली पोचतात. फुलं उन्हात वाळवतात, मग मडक्यात पाणी घालून चार-सहा दिवस भिजत ठेवतात. फुलावर आणि हवेत असलेल्या जंगली यीस्टनं ती आंबतात. मग चुलीवर मंद आचेनं वाफ काढायची, वर थंड पाण्याचं भांडं ठेवून ती निववायची आणि धार धरायची. आपल्याकडचा ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग इथूनच आला. बस्तरची सल्फी तर याहून सोपी. झाडाचा रस सकाळी उतरवायचा, तो आपोआप आंबत जातो.

हे वर्णन आज फ्रान्समध्ये कुणाला ऐकवलंत तर तो म्हणेल, अरे, ही तर आमची ‘नैसर्गिक वाइन’. तिथली ही आताची चळवळ सुरू झाली ती बोजोले भागात. झ्यूल शोवे नावाचा रसायनशास्त्र जाणणारा वाइन-व्यापारी होता, १९०७ ते १९८९ हा त्याचा काळ. दुसऱ्या महायुद्धानंतर मळ्यांत रासायनिक खतं-फवारे आले, तळघरांत पाकिटातलं यीस्ट आणि गंधकाची भुकटी आली. शोवेनं सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट तपासून दाखवून दिलं की मळा निरोगी आणि काम स्वच्छ असेल, तर यातलं फारसं काही लागत नाही. १९८०च्या सुमारास मोरगों गावच्या मार्सेल लापिएरनं आणि त्याच्या शेजारच्या काही लहान मळेवाल्यांनी ही रीत उचलली. गंमत म्हणजे, १९३५च्या ज्या कायद्यानं लहान शेतकऱ्याला वाचवलं, त्याच्याच चव-परीक्षकांनी पुढे अशा अनेकांच्या वाइन ‘आमच्या गावच्या चवीच्या नाहीत’ म्हणून नाकारल्या. मग त्यांनी गावाचं नाव सोडलं आणि नुसतं ‘फ्रान्सची वाइन’ असं लिहून विकलं. अखेर २०२० साली सरकारनं त्यांच्या रीतीला मान्यता दिली. सेंद्रिय द्राक्षं, हातानं तोडणी, मळ्यातलंच यीस्ट, आणि सल्फाइट लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत. साध्या लाल वाइनला युरोपात १५० पर्यंत परवानगी आहे.

मोहाची दारू उर्ध्वपातनाची आहे, वाइन नुसती आंबवलेली. दोन्ही एक नव्हेत, हे मी जाणतो. पण हातानं, घरात, बाहेरचं काही न घालता केलेलं, या गोष्टीला फ्रान्समध्ये वरचा भाव मिळतो. मराठीत त्यासाठी शब्द आहे ‘हातभट्टी’, आणि तो शब्द पोलिस ठाण्याच्या नोंदवहीतला आहे. काळा गूळ आणि नवसागर घालून चोरून गाळलेली दारू आणि मोहाची धार, दोन्ही कायद्यानं एकाच पोत्यात भरली.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर हे भाषण एकतर्फी होईल. १९२२ साली दक्षिण गुजरातेत आणि लगतच्या पट्ट्यात देवीची चळवळ उठली. आदिवासींनी स्वतःहून दारू-ताडी सोडली आणि दारूचे पारशी मक्तेदार हतबल झाले. सरगुज्यात १९५१च्या दुष्काळाच्या काळात राजमोहिनी देवी या आदिवासी बाईंनी दारू सोडण्याची हाक दिली, आणि हजारो लोक त्यांच्यामागे गेले. पुढे १९८९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बस्तरला लागून असलेल्या आपल्या गडचिरोलीत लोकचळवळीतून १९९३ साली दारूबंदी झाली. नवऱ्याच्या पिण्यानं घर मोडलेल्या बाईला मोहाच्या संस्कृतीचं व्याख्यान देणं हा निर्दयपणा आहे. शिवाय फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि त्यातून वणवे लागतात, हेही खरं. आता झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलायची पद्धत त्यासाठीच रुजवली जात आहे.

पण या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. दारू सोडायची हे लोकांनी ठरवलं. इंग्रजांचा कायदा याच्या उलट वागला. त्यानं दारू बंद केली नाही, फक्त गाळणारा बदलला. आदिवासी पीतच राहिला, पण आता पैसे मोजून, उधारीवर, जमीन गहाण ठेवून. त्याच्या व्यसनावर आधी भट्टीवाला जगला, मग सरकारी तिजोरी.

गेल्या काही वर्षांत वारं थोडं फिरलं आहे. गोव्याच्या काजू-फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे फ्रान्सच्या १९३५च्या कल्पनेची आपली आवृत्ती. महाराष्ट्रानं २०२१ साली मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरची जुनी बंधनं उठवली. मध्य प्रदेशानं २०२२मध्ये मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा दिला. अलीराजपूर आणि दिंडोरी इथे आदिवासी बचत गटांच्या हाती तिची निर्मिती आली. १९९६च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रांत दारूबंदी करायची की विक्रीवर नियंत्रण ठेवायचं, याचा अधिकार ग्रामसभा-पंचायतींकडे दिला आहे, आणि छत्तीसगढनं त्याचे नियम २०२२ साली केले.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं कलम हेच. उद्या मोहाची बाटली पॅरिसमध्ये चार हजार रुपयांना विकली गेली आणि पाली-कटघोऱ्याच्या बाईच्या हातात फक्त वाळल्या फुलाचा किलोमागचा भाव पडला, तर १८७८ आणि आज यात फरक तो काय? आणि एखाद्या गावच्या ग्रामसभेनं ‘आम्हाला भट्टीच नको’ असं ठरवलं, तर हेरिटेजच्या नावाखाली ती त्यांच्यावर लादली जाता कामा नये. गाळायचं की नाही, विकायचं की नाही, हे दोन्ही निर्णय ज्याच्या अंगणात मोह आहे त्याचे.

या भागात राहणाऱ्या किंवा मूळच्या इथल्या श्रोत्यांना एक विनंती. आपल्या गावात मोहाच्या झाडांची मालकी कशी वाटलेली असे, कुणाचं झाड कुठलं हे कसं ठरे, याच्या आठवणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या. कायद्याची कागदपत्रं अभिलेखागारात सुरक्षित आहेत. ही माहिती फक्त त्यांच्याजवळ आहे.